गोतावळा आणि न्याय

कचेरीत आपल्या भाच्यापुतण्यांस नोकरीस लावणाऱ्या अधिकाऱ्यास आपण वशिलेबाज म्हणतो. आणि तोच गृहस्थ घरी परतल्यावर त्याच भाच्याच्या शिक्षणाचा भार उचलतो, विधवा बहिणीस आसरा देतो, तेव्हा त्यास कुटुंबवत्सल म्हणून नावाजतो. वस्तुतः दोन्ही कृत्यांच्या मुळाशी असलेली मनोवृत्ती एकच आहे. हा आपला आणि तो परका, असा भेद मनाशी धरून आपल्याचे कल्याण आधी पाहणे, हीच ती वृत्ती होय. मग एका ठिकाणी तिला दोष आणि दुसऱ्या ठिकाणी गुण म्हणण्यास आधार कोणता? की हा आधार केवळ कचेरीच्या उंबरठ्याचा आहे? प्रश्न जुना आहे आणि रोजचा आहे. आणि रोजचा असल्यामुळेच त्याचा विचार करण्याचे आपण टाळतो.

तत्त्वज्ञांनी मात्र तो टाळलेला नाही. विल्यम गॉडविन या इंग्रज विचारवंताने 1793 साली प्रसिद्ध केलेल्या राजकीय न्यायावरील आपल्या ग्रंथात एक दृष्टान्त घातला आहे. फेनेलाँ नामक थोर ग्रंथकार धर्माधिकाऱ्याच्या वाड्यास आग लागली आहे; आत तो आणि त्याची दासी असे दोघे अडकले आहेत आणि वाचविता येईल एकासच. गॉडविनचे उत्तर असे की, ज्याच्या जगण्याने मानवजातीचे अधिक हित होईल त्या फेनेलाँसच बाहेर काढले पाहिजे. आणि ती दासी ही वाचविणाराची पत्नी किंवा आई असली तरी त्यामुळे उत्तरात तिळमात्र फरक पडत नाही. या उत्तराने त्या काळी पुष्कळ सज्जन संतापले. पुढील आवृत्तीत गॉडविनने दासीच्या जागी सेवक आणि आईच्या जागी बाप घातला. जणू काय बाप जळाला तर वाचकांस तितकेसे वाईट वाटणार नव्हते! आपल्याकडेही आपपरभावाची गणना क्षुद्र मनाच्या लक्षणांत करणारे सुभाषित मुलांकडून पाठ करवून घेतले जाते. आणि पुत्रप्रेमाने आंधळा झालेला राजा एका अखंड कुलाचा नाश कसा घडवितो हे सांगण्यासाठी महाभारतकारांनी धृतराष्ट्र उभा केलेलाच आहे.

तथापि असले दृष्टान्त आम्हांस फारसे उपयोगी वाटत नाहीत. गॉडविनच्या आगीतील वाचविणारास पूर्वायुष्य नाही. तो कोठून आला, त्या वाड्याच्या दारी तो का उभा होता, आजवर त्याने कोणाकोणास हात दिला, यांपैकी काहीच आपणांस ठाऊक नसते. आपला प्रश्न मात्र माणसाच्या सवयीचा आहे, एका क्षणाच्या निवडीचा नाही. म्हणून ज्याच्या आयुष्यात हीच एक सवय आधी हसण्याचा विषय झाली आणि मागाहून शेकडो जीव वाचविण्याचे साधन झाली, अशा एका खऱ्या माणसाचे चरित्र आम्ही येथे विचारास घेत आहो. हा मनुष्य तत्त्वज्ञ नव्हता, विद्वान नव्हता, साधु तर नव्हताच नव्हता. तो हॉलिवूडमधील चित्रपटांचा एक व्यापारी होता. त्याचे नाव कार्ल लेम्ले.

जर्मनीच्या नैर्ऋत्येस व्युर्टेम्बेर्ग प्रांतात लाउपहाइम नावाचे एक लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे यहुदी लोकांची मोठी वस्ती होती. या गावी 17 जानेवारी 1867 रोजी लेम्लेचा जन्म झाला. आई वारल्यानंतर, 1884 साली, वयाच्या सतराव्या वर्षी तो अमेरिकेस निघाला. त्याचा वडील भाऊ आधीच शिकागोस जाऊन राहिला होता, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. कारण परदेशी जाणारा मनुष्य बहुधा नकाशा पाहून जात नाही, पुढे गेलेल्या आप्ताचे पत्र पाहून जातो. तेथे त्याने औषधांच्या दुकानात पोऱ्याचे काम केले, शेतावर मजुरी केली, जमाखर्च लिहिला, आणि पुढे विस्कॉन्सिन संस्थानातील ओश्कोश या गावी तयार कपड्यांच्या एका दुकानात चाकरीस राहून तेथील व्यवस्थापक झाला. मालकाच्या पुतणीशी त्याचा विवाह झाला. येथपर्यंतच्या आयुष्यात चरित्रकाराने थांबावे असे काही नाही. 1906 साली, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्याने ती नोकरी सोडली आणि साठविलेले पैसे घेऊन तो शिकागोस आला. पाच सेंटांत चलच्चित्रे दाखविणारी लहान लहान गृहे तेव्हा नुकतीच निघाली होती. अशा एका गृहाबाहेर उभे राहून आत जाणारी माणसे त्याने मोजली, त्यास पाच सेंटांनी गुणले, आणि तयार कपड्यांच्या दुकानापेक्षा हा धंदा बरा असे ठरविले, अशी हकीकत सांगतात. सिनेमाच्या इतिहासात कलेच्या ध्यासाच्या कथा पुष्कळ आहेत. ही कथा जमाखर्चनिसाची आहे आणि आम्हांस तीच अधिक विश्वसनीय वाटते.

त्याचा जम बसतो न बसतो तोच एक संकट आले. एडिसन व इतर यंत्राधिकार धारण करणाऱ्या कंपन्यांनी 1908 च्या डिसेंबरात एक संघ उभारला. संघाची चित्रे, संघाची यंत्रे, कच्च्या फिल्मचा करारही संघाशीच. आणि प्रत्येक चित्रगृहाच्या मालकाने केवळ चित्रे दाखविण्याच्या परवान्यासाठी दर आठवड्यास दोन डॉलर संघाच्या पदरात टाकायचे. लेम्लेने 1909 साली हा परवाना फेकून दिला आणि स्वतःची चित्रे काढण्यास आरंभ केला. त्याच्यावर 289 दावे लावण्यात आले असे नमूद आहे. तो लढत राहिला. सरकारनेही संघावर खटला भरला आणि 1915 साली न्यायालयाने हा संघ बेकायदा ठरविला. या लढ्याबद्दल लेम्लेस स्वातंत्र्यवीर ठरविण्याची चाल चित्रपटांच्या इतिहासकारांत आहे. आम्ही तितके पुढे जाणार नाही. त्याला मुक्त व्यापार हवा होता तो मुख्यतः स्वतःच्या व्यापारासाठी. आणि शस्त्रे वापरताना तो फार सोवळा नव्हता. 1910 साली फ्लॉरेन्स लॉरेन्स ही नटी ट्रॅमखाली सापडून मेल्याची अफवा उठली, आणि लागलीच लेम्लेच्या कंपनीने ही बातमी शत्रूंनी पसरविलेली असून नटी सुखरूप व आपल्याच पदरी आहे, अशी मोठी जाहिरात दिली. ती अफवा मुळात त्याच्याच माणसांनी उठविली असावी असा बहुतेकांचा तर्क आहे. तोवर नटनटींची नावे पडद्यावर येत नसत. नटीच्या नावावर चित्र खपविण्याची प्रथा रूढ होण्यास हे प्रकरण मोठे कारण झाले. अशा रीतीने पुढे अफाट वाढलेल्या या उद्योगाच्या पायाभरणीत एक लबाडीही घातली गेली, हे सांगून ठेवणे आम्हांस अवश्य वाटते. कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते एका सत्पुरुषाविषयी आहे असा समज होऊ नये.

1912 साली लेम्लेने काही भागीदारांसह युनिव्हर्सल कंपनी काढली. हळूहळू भागीदार गेले आणि लेम्ले राहिला. 15 मार्च 1915 रोजी लॉस एंजेलिसजवळच्या सान फर्नांडो खोऱ्यात, सुमारे 230 एकर जमिनीवर, युनिव्हर्सल सिटी या नावाचे चित्रनगर त्याने उघडले. पंचवीस सेंट देणाऱ्या कोणासही आत येऊन चित्रे कशी घेतात हे पाहता येत असे. बोलपट आल्यावर प्रेक्षकांच्या गलबल्याने काम होईना, म्हणून ती सोय बंद करावी लागली. येथे स्त्रियांस दिग्दर्शनाचे काम मिळाले. लोइस वेबर ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. ऐन विशीतल्या आयर्व्हिंग थॅलबर्ग या पोरसवदा चिटणिसाच्या हाती सगळ्या नगराचा कारभार देण्याचे धाडसही लेम्लेनेच केले. आणि येथेच त्याला 'लेम्लेकाका' हे नाव पडले.

हे नाव प्रेमाचे होते तसेच थट्टेचेही होते. कारण काकांचे पुतणे फार होते. लाउपहाइमहून, आसपासच्या गावांहून, दूरच्या नात्यातून जो कोणी तरुण अमेरिकेस येई त्यास युनिव्हर्सलमध्ये काहीतरी काम मिळे. पगारपत्रकावरील आप्तांची संख्या एका काळी सत्तरच्या आसपास गेली होती असे सांगतात. ऑग्डन नॅश या विनोदी कवीने लेम्लेच्या आडनावाशी 'कुटुंब' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे वेडेवाकडे यमक जुळवून एक द्विपदी केली, आणि पुढे लेम्लेचे कोणतेही चित्र न पाहिलेल्या लोकांसही ती द्विपदी तेवढी पाठ राहिली. कीर्तीचा हा एक प्रकार आहे.

आता या आप्तपोषणाचा नीतिदृष्ट्या विचार करू. त्यातून काय निष्पन्न झाले, हे आधी पाहावे म्हणावे तर हिशेब दोन्ही बाजूंनी लागतो. आल्सास प्रांतातील म्युलहाउस गावच्या, लेम्लेच्या एका चुलत बहिणीच्या मुलास त्याने 1920 साली अमेरिकेत आणले. निरोप्याच्या कामापासून त्याने आरंभ केला. त्याचे नाव विल्यम वायलर. पुढे दिग्दर्शनाबद्दलचे अकादमीचे पारितोषिक त्याने तीन वेळा मिळविले, आणि 1959 सालचा 'बेन-हर' हा त्याचाच. उलट, थॅलबर्गसारखा कर्तृत्ववान परका 1923 साली कंपनी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे गेला आणि त्या प्रतिस्पर्ध्याचे भाग्य त्याने उजळले. पुढे लेम्लेने एकविशीतल्या आपल्या मुलास निर्मितीचा प्रमुख नेमले; वाढदिवसाच्या भेटीसारखी एक अखंड कंपनी मुलास दिली, असे लोक म्हणाले. पण याच मुलाच्या देखरेखीखाली 1930 साली 'ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा युद्धविरोधी बोलपट निघाला व त्यास वर्षातील सर्वोत्तम चित्राचे पारितोषिक मिळाले. 1931 साली 'ड्रॅक्युला' व 'फ्रँकेन्स्टाइन' निघाले. आणि याच मुलाच्या सढळ हाताने, मंदीच्या त्या वर्षांत, कंपनी कर्जात बुडाली. 'शो बोट' या चित्रासाठी घेतलेल्या कर्जापायी 1936 साली धनकोंनी कंपनीचा ताबा घेतला आणि लेम्ले घराणे बाहेर पडले. त्यानंतर काही आठवड्यांनी ते चित्र प्रदर्शित होऊन चांगले चालले. पण कंपनी तोवर गेली होती.

अशा जमाखर्चाने प्रश्न सुटत नाही, हे उघड आहे. वायलर निपजला म्हणून आप्तपोषण न्याय्य ठरत नाही, किंवा कंपनी बुडाली म्हणून ते अन्याय्य ठरत नाही. वशिल्यातील खरा अन्याय निराळ्या ठिकाणी असतो. ज्या खुर्चीवर पुतण्या बसतो त्या खुर्चीवर एरवी कोणीतरी बसला असता. आणि तो कोण हे कधीच कळत नाही. पुतण्यास नाव असते, चेहरा असतो, त्याच्या आईचे पत्र टेबलावर पडलेले असते. वंचित झालेल्या माणसास नाव नसते. आपण वंचित झालो हे त्याचे त्यासही ठाऊक नसते. वशिला लावणारे बहुतेक लोक मनाने वाईट नसतात याचे कारण हेच आहे; आपण कोणाचे वाईट करीत आहो हे त्यांस दिसतच नाही. दिसते ते केवळ केलेले चांगले.

यावरून एक कसोटी निघते. आपल्यास हात देताना दुसऱ्या कोणाचा हात सोडवावा लागला का? आणि जे दिले ते स्वतःचे होते का? आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला. त्यात रोहिदासाचे काम त्यांच्याच मुलाने केले, पडद्यामागील कामांत सरस्वतीबाई खपल्या, आणि पुढे 'कालियामर्दन' चित्रात त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. यास कोणी वशिला म्हणाले नाही, आणि म्हणूही नये. त्या काळी तारामतीच्या कामास स्त्री मिळेना, साळुंके नावाच्या पुरुषास लुगडे नेसावे लागले. जेथे रांगच नव्हती तेथे रांग मोडून कोणी पुढे गेला असे म्हणता येत नाही. युनिव्हर्सलच्या दारात मात्र रांग होती. शिवाय ती कंपनी पुढे पुढे केवळ लेम्लेची राहिली नव्हती, तिच्यात इतरांचा पैसा गुंतला होता. म्हणून तेथील आप्तपोषणास आम्ही दोष म्हणतो. मोठा नव्हे, पण दोषच. लेम्ले वृत्तीने उदार होता ही सबब येथे चालणार नाही, कारण ते औदार्य काही अंशी परक्याच्या खिशातून होते.

इतका निवाडा करून आम्ही थांबलो असतो. परंतु याच सुमारास जर्मनीत दुसरे काही घडत होते.

लेम्लेचे आपल्या जन्मगावाशी नाते कधी तुटले नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत अन्नान्नदशा झाली असता त्याने लाउपहाइमला भरघोस मदत केली. गावाने त्यास मानाचे नागरिकत्व दिले, एका रस्त्यास त्याचे नाव दिले. तो वारंवार गावी जाई. युद्धाच्या काळात, 1918 साली, त्याच्याच कंपनीने कैसरास पशू ठरविणारे एक चित्र काढले होते, हेही खरे. धंद्यात देशप्रेम ज्या बाजारात जसे खपेल तसे विकले जाते. त्या चित्राचा राग जर्मनीतील कित्येकांच्या मनात दीर्घकाळ राहिला. 1930 च्या डिसेंबरात 'ऑल क्वायट' बर्लिनमध्ये दाखवू लागताच गोबेल्सच्या चिथावणीने नाझी तरुणांनी चित्रगृहात दुर्गंधीच्या कुप्या फोडल्या, पांढरे उंदीर सोडले, आणि आठवड्याच्या आत सरकारी नियंत्रकांनी चित्रावर बंदी घातली. पुढच्या वर्षी काटछाट करून ते पुन्हा दाखविण्यास परवानगी मिळाली, आणि ती काटछाट लेम्लेच्या कंपनीने मान्य केली. जर्मन बाजार हातचा जाऊ नये, ही चिंता तिच्यात होतीच. त्याच लेम्लेने 1932 च्या जानेवारीत हर्स्ट या वृत्तपत्राधिपतीस पत्र लिहून, हिटलर सत्तेवर आल्यास जर्मनीतील यहुद्यांवर प्राणसंकट ओढवेल असे कळविले आणि हर्स्टने आपल्या पत्रांतून आवाज उठवावा अशी विनंती केली. हिटलर सत्तेवर येण्यास तेव्हा एक वर्ष अवकाश होता. एका हाताने काटछाटीवर सही करणारा आणि दुसऱ्या हाताने इशारा देणारा मनुष्य एकच असू शकतो, याचे ज्यास आश्चर्य वाटेल त्याने व्यापारी पाहिलेले नाहीत.

1933 नंतर लाउपहाइममधील रस्त्यावरचे लेम्लेचे नाव गेले, आणि लाउपहाइममधून लेम्लेच्या नावे पत्रे येऊ लागली.

त्या काळी अमेरिकेत प्रवेश कसा मिळे, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सगळे मर्म त्यातच आहे. प्रत्येक देशातून वर्षाकाठी किती माणसे घ्यावयाची याची संख्या कायद्याने ठरलेली होती; जर्मनी व ऑस्ट्रिया मिळून ती 27,370 होती. परंतु संख्येत जागा असली म्हणजे प्रवेश मिळे असे नव्हे. येणारा मनुष्य पुढेमागे सरकारी मदतीवर भार होणार नाही अशी वकिलातीतील अधिकाऱ्याची खात्री पटावी लागे, आणि 1930 साली मंदीमुळे अध्यक्ष हूव्हर यांनी ही अट अतिशय कडक केली होती. जर्मनीबाहेर पैसा नेण्यास नाझी सरकारची बंदी. तेव्हा खात्री पटणार कशी? अमेरिकेतील कोणी नागरिकाने शपथपूर्वक प्रतिज्ञालेख लिहून द्यायचा : माझे उत्पन्न इतके, बँकेत शिल्लक इतकी, मालमत्ता इतकी, कर इतका भरतो, आणि अमुक मनुष्य उपाशी पडल्यास त्याचा भार मी वाहीन. असा जामीन मिळाला तर प्रवेशपत्राची आशा. आणि जामीन कोणाचा ग्राह्य धरावा? येथे ती अट येते. बाप, मुलगा, भाऊ यांचा जामीन खरा मानीत, कारण रक्ताचा मनुष्य शब्द पाळील असा विश्वास. दूरच्या आप्ताचा, त्याहून अधिक परक्याचा, संशयास्पद. परका मनुष्य परक्याचा भार का वाहील, असे अधिकारी विचारीत.

म्हणजे काय झाले ते वाचकांनी पाहावे. राष्ट्राचा कायदा हा तर समदृष्टीचा, गॉडविनच्या न्यायाधीशासारखा असावयाचा. त्यानेच प्रत्येक शरणार्थ्यास विचारले, तुझा काका कोण? ज्या गोष्टीस आपण कचेरीत वशिला म्हणतो, तीच येथे प्रवेशाची अट झाली. आणि ज्याच्या गोतावळ्याची सगळ्या हॉलिवूडने थट्टा केली होती तो लेम्ले, कंपनी गेलेली, वय सत्तरीच्या घरात, प्रतिज्ञालेखांवर सह्या करीत बसला. आधी नात्यातल्यांच्या नावे, मग लाउपहाइममधील इतर कुटुंबांच्या नावे, मग ज्यांस त्याने कधी पाहिलेही नव्हते अशांच्या नावे. तीनशेहून अधिक माणसे त्याच्या सहीने वाचली असे मानतात.

ही सही म्हणजे शाईचा फराटा नव्हता. तीनशे माणसांच्या पोटाची ती हमी होती, आणि ती त्याच्या स्वतःच्या मालमत्तेवर होती. स्टुटगार्ट येथील अमेरिकन वकिलातीने अखेर त्याचे जामीन घेण्यास कुरकुर सुरू केली. आक्षेप सर्वस्वी गैरवाजवी होता असेही म्हणता येत नाही : एकाहत्तर वर्षांचा वृद्ध किती दिवस जगणार, आणि एवढ्या सगळ्यांस पोसणार कसा? 1938 च्या एप्रिलमध्ये लेम्लेने परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांस पत्र लिहून आपले जामीन स्वीकारावे अशी याचना केली. ज्याने 289 दाव्यांत माघार घेतली नाही त्यास एका मंत्र्यापुढे पदर पसरावा लागला.

त्याच वर्षी जुलैमध्ये जिनीव्हा सरोवराच्या काठी एव्हियाँ येथे शरणार्थ्यांच्या प्रश्नावर बत्तीस राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. एकामागून एक प्रतिनिधीने सहानुभूती व्यक्त केली आणि आपल्या देशात जागा का नाही हे समजावून सांगितले. मोठ्या संख्येने माणसे घेण्याची तयारी दाखविली ती एकट्या डोमिनिकन प्रजासत्ताकाने. त्या सभागृहात आपपरभाव नव्हता. सर्व शरणार्थी सर्वांस सारखेच परके होते.

मग समदृष्टी निरुपयोगी आणि गोतावळाच खरा, असे म्हणावे काय? असे म्हणणे सोपे आहे, पण वर सांगितलेली कसोटी येथेही लावली पाहिजे. प्रवेशाच्या जागा ठरलेल्या होत्या. तेव्हा लेम्लेच्या सहीने जो आत आला त्याने दुसऱ्या कोणा निनावी यहुद्याची जागा घेतली नाही काय? हा प्रश्न क्रूर वाटतो, तरी त्यास उत्तर आहे. 1933 पासून 1938 पर्यंत जर्मनीच्या वाट्याच्या जागा एकाही वर्षी पूर्ण भरल्या नव्हत्या. जागा रिकाम्या होत्या आणि जामिनाअभावी दार बंद होते. त्या वर्षांतील प्रत्येक सहीने एक दार उघडले, कोणाचेही बंद केले नाही. पुढे ऑस्ट्रिया गिळंकृत झाला, 1938 च्या नोव्हेंबरात प्रार्थनामंदिरे जळाली, आणि 1939 च्या मध्यापर्यंत त्या 27,370 जागांसाठी तीन लाखांहून अधिक नावे नोंदली गेली. तेव्हा रांग झाली. परंतु त्या रांगेतही क्रम नोंदणीच्या आकड्याचा होता. जामीन नसलेला मनुष्य आपला आकडा आला तरी जाऊ शकत नसे, एवढेच. स्टुडिओतील नोकरी आणि हा जामीन यांत आम्ही जो भेद मानतो तो हा. पहिल्यात लेम्लेने इतरांच्या रांगेतून आपला माणूस पुढे नेला. दुसऱ्यात, निदान पुष्कळ अंशी, जेथे कोणी उभा राहू शकत नव्हता तेथे त्याने स्वतःच्या पैशाने पायरी बांधली.

परंतु मनोवृत्ती? ती दोन्हीकडे तीच होती, असे आम्ही आरंभी म्हटले. येथे थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. आप्तांवर प्रेम करणारे जगात असंख्य आहेत, आणि बहुतेकांचे प्रेम घराच्या कुंपणाशी थांबते. धृतराष्ट्राचे तर शंभर मुलांपाशीच थांबले, भावाच्या मुलांपर्यंतही पोचले नाही. लेम्लेचे पुढे कसे सरकले? आम्हांस वाटते ते असे की, नाते हा त्याच्या वृत्तीचा गाभा नव्हताच. ओळखीच्या तोंडास 'नाही' म्हणणे त्यास जमत नसे, हा गाभा होता. 1920 साली कार्ल्सबाड येथे त्यास पॉल कोनर नावाचा एक तरुण भेटला. तो नात्यातला नव्हता, तरी वायलरबरोबर तोही अमेरिकेस आला, आणि पुढे 1938 साली युरोपातून आलेल्या निर्वासित कलावंतांसाठी निधी उभारण्यात हाच कोनर अग्रेसर होता. दरसाल गावी जाणाऱ्या लेम्लेने ओळखीच्या तोंडांची संख्या आयुष्यभर वाढवीत नेली. हा स्वभाव कारखाना चालविण्यास वाईट आहे. तो ज्या कारखान्यात असेल तेथील निनावी उमेदवारावर अन्याय होणारच. पण हाच स्वभाव नसता, प्रत्येक अर्जाची गुणावगुणांवर छाननी करणारा एखादा निःपक्षपाती व्यवस्थापक त्या जागी असता, तर लाउपहाइमच्या पत्रांचे उत्तर त्याने कोणत्या नियमाखाली दिले असते हे आम्हांस सुचत नाही. गॉडविनचा न्यायी पुरुष आगीपाशी योग्य निवड करील कदाचित. पण तो त्या आगीपाशी येण्याचे कारण आम्हांस त्याच्या ग्रंथात कोठे आढळत नाही.

मात्र यावरून निघणारी एक गोष्ट सुखद नाही, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. ज्याचा कोणी लेम्लेकाका नव्हता त्याचे काय? लाउपहाइमच्या शेजारच्या गावी जन्मलेला, तितकाच निरपराध, तितकाच भ्यालेला, पण ज्याच्या गावचा कोणी 1884 साली शिकागोस गेला नव्हता, असा मनुष्य केवळ योगायोगाने मागे राहिला. ओळखीवर आधारलेली दया कितीही पसरली तरी योगायोगाच्या पलीकडे जात नाही. त्या माणसास उपयोगी पडण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे अनोळखी माणसास अनोळखी म्हणूनच आत घेणारा कायदा. आणि तो तर त्यास काका शोधून आण म्हणून परत पाठवीत होता.

24 सप्टेंबर 1939 रोजी लेम्ले बेव्हर्ली हिल्स येथे वारला. युद्ध सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. जर्मनीतील ज्यांस अमेरिकेत कोणी नव्हते, अशी कित्येक कुटुंबे त्या वर्षांत अमेरिकन शहरांच्या टेलिफोनच्या याद्या मिळवून त्यांत आपले आडनाव शोधीत असत. न्यूयॉर्क किंवा शिकागो येथे त्याच आडनावाचा कोणी सापडला की, आपण कदाचित एकाच घराण्यातील असू, असे आदराने लिहून ते त्यास जामिनासाठी पत्र पाठवीत. त्यांपैकी काहींस उत्तरे आली.